समोर चालतो, घरी नाही

बघतोभाऊंचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पण पाटीवरची अक्षरं उन्हाने इतकी उडाली होती, की ते वाचायला खुद्द भाऊंनाही रस्त्यावर उतरून डोळे बारीक करावे लागले असते. गल्लीचं त्यावाचून काही अडत नव्हतं. एकोणीस वर्षं त्या काउंटरवर जो कोणी बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन आला, त्याला भाऊ एकच वाक्य ऐकवत आले होते, "ठेवून जा, बघतो." कधी बघणार ते सांगत नसत. विचारलंच तर असं काही दुखावल्यासारखं पाहत, की विचारणाराच ओशाळायचा.

हात वाईट होता म्हणाल तर अजिबात नाही. मामांच्या रेडिओच्या दुकानात ते कान तयार करून आले होते. बंद पडलेली डिस्क कानाशी धरून तिला कुठे दुखतंय ते सांगायचे आणि नेमकं तिथेच दुखत असायचं. घोडं वेगळ्याच ठिकाणी अडायचं. भाऊंना दुखणं ओळखण्यात गोडी होती, बरं करण्यात नव्हती. बिघाड कळला, की त्यांच्यापुरतं ते मशीन दुरुस्त झालेलं असे. मग त्याच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधली जाई, ते मागच्या लांब फळीवर चढे आणि मालकाने तीनदा येऊन आवाज चढवेपर्यंत तिथेच मुक्काम करी. शेजारचा शिंपी त्या फळीला 'धर्मशाळा' म्हणायचा.

दुकानाच्या डोक्यावरच घर होतं. आतल्या लोखंडी जिन्याने चौदा पायऱ्या चढलं की दोन खोल्या, वर गच्ची. पुढच्या खोलीत खिडकीशी भाऊंची बायको टायपिंग करायची. पीएचडी करणारी मंडळी आपले प्रबंध तिच्याकडे आणून टाकत आणि ती ते टाइप करून, शुद्ध करून, समास-बिमास आखून परत देई. सगळे तिला 'बाई' म्हणत, तेव्हा आपणही बाईच म्हणू. बाईंची नजर अशी, की तीनशे पानांत एक स्वल्पविराम चुकीच्या जागी बसला असेल तर तो त्यांना दारातूनच दिसायचा. सध्या त्यांच्याकडे गांडुळांवरचा प्रबंध होता. त्यामुळे भाऊंना नको असताना गांडुळाला किती हृदयं असतात हे ठाऊक झालं होतं.

सगळं ठीक चाललं होतं, म्हणजे जसं चालायचं तसं चाललं होतं. तेवढ्यात सहा महिन्यांपूर्वी रस्त्याच्या पलीकडे नेमकं समोर दुसरं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान उघडलं. त्याची पुढची भिंत अख्खी काचेची. आत पांढरे दिवे, पांढरं टेबल आणि टेबलामागे तिशीचा एक हसतमुख माणूस. गल्लीने लगेच त्याचं 'काचवाला' करून टाकलं.

काचवाला गिऱ्हाइकाला वेळ द्यायचा. "चार वाजता या," म्हणायचा आणि चार वाजता मशीन तयार असायचं. हे भाऊंना फार लागलं. "चार म्हणजे चारच? ही दुरुस्ती आहे की गाडीचं वेळापत्रक?" असं ते शिंप्याला म्हणाले. शिंपी सुई तोंडात धरून म्हणाला, "भाऊ, वेळापत्रक तुमच्याकडेही आहे. फक्त त्यात गाडी नाही."

तेव्हापासून भाऊंचा दिवस खुर्चीत बसून समोर बघण्यात जायला लागला. सिनेमा बघावा तसा. काच त्याने लावली होती गिऱ्हाइकांसाठी, पण पुरेपूर फायदा भाऊच घेत. कोण आलं, काय घेऊन आलं, किती वेळ बसलं. त्याच्या हालचाली भाऊंना तोंडपाठ झाल्या. काचवाल्याच्या गळ्यात निळ्या दोरीला एक लाल पेनड्राइव्ह लटकलेला असे. कुठलंही मशीन येवो, आधी तो गळ्यातला पेनड्राइव्ह काढून मशीनला लावायचा आणि मगच चालू करायचं बटण दाबायचा. आधी पेनड्राइव्ह, मग बटण. कधी चुकलं नाही. भाऊ त्याला 'ताईत' म्हणत. "बघ, बघ, बांधला ताईत. आता मंत्र म्हणेल."

आणखी एक सल होता, पण तो कुणापाशी बोलता येण्याजोगा नव्हता. काचवाला बाईंना 'वहिनी' म्हणायचा आणि भाऊंना 'काका'. भाऊ त्रेचाळीस वर्षांचे, बाई एकेचाळीसच्या. ती वहिनी तर मी दादा व्हायला हवा, हे कुणीही मान्य करील. "हे कुठलं नातं काढलंय यानं?" भाऊ आरशासमोर उभे राहून कानाजवळचे पांढरे केस चाचपत स्वतःलाच विचारत.

आणि मग तो सोमवार आला.

सोमवारी दुपारी बाई खांद्याला पिशवी लावून जिना उतरल्या, दुकानातून बाहेर पडल्या आणि रस्ता ओलांडायला लागल्या. कागद आणायला निघाली असेल, असं भाऊंना वाटलं. बाई कागदवाल्याच्या पुढे गेल्या. औषधवाल्याच्याही पुढे गेल्या. काचेचं दार उघडलं, आत गेल्या आणि पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढून त्या पांढऱ्या टेबलावर ठेवला.

भाऊंच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर हातातच राहिला. 

तसं पाहिलं तर बाईंनी वाट पाहण्यात कसूर केली नव्हती. "अहो, लॅपटॉप फार हळू झालाय," हे त्या गेले आठ महिने सांगत होत्या. "बटण दाबते, गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालून येते, तरी हा जांभयाच देत असतो." त्यावर भाऊंचं उत्तर आपल्याला माहीतच आहे. फक्त बायको असल्यामुळे तिला ते 'ठेवून जा' म्हणत नसत, नुसतं 'बघतो' म्हणत.

शिंप्याने मशीनवरचा पाय थांबवून समोर पाहिलं, मग भाऊंकडे पाहिलं. आणि पुन्हा मशीन चालवायला लागला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

चार वाजता लॅपटॉप परत आला. चार म्हणजे चारच.

"नवीन सिस्टीम टाकली त्याने," बाई चहा गाळता गाळता सांगत होत्या. "माझ्या फाइली डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात होत्या ना, त्यांना धक्कासुद्धा नाही. तिथूनच झाकण मिटून आणला, इथे उघडला तर पटकन जागा."

"पटकन म्हणजे किती सेकंद?"

"मी काय घड्याळ लावून बसले होते?"

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, वहिनी, आठ महिने कसं काम केलंत यावर? मी म्हटलं, सवय असते."

सवय असते, हे ऐकून भाऊंनी अर्धा चहा तसाच ठेवला.

ऊन कलल्यावर बाई गच्चीवर कपडे काढायला गेल्या. भाऊ पुढच्या खोलीत आले. लॅपटॉप खिडकीशी मिटलेला होता. त्यांनी झाकण उचललं आणि पडदा लगेच उजळला. वर एका निळ्याशार तळ्याचं चित्र. काचवाल्याने आपणहून लावून दिलेलं! एकोणीस वर्षांत भाऊंनी कुणाला चित्र लावून दिलं नव्हतं, त्यांना ते कधी सुचलंच नव्हतं. त्यांनी गांडुळांची फाइल उघडली, टचकन उघडली. बंद केली, टचकन बंद झाली. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण झोपेतून जागं होणं वेगळं. पूर्ण बंद करून चालू केला तर किती वेळ घेतो? तिथे नक्की रखडत असणार. आपण मोजू आणि मग चहाच्या वेळी सहज, अगदी सहज तिला आकडा सांगू. भाऊंनी लॅपटॉप नीट रीतसर बंद केला. मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहत बोट बटणापाशी नेलं, आणि गच्चीच्या जिन्यावर चपला वाजल्या.

भाऊंनी झाकण मिटलं आणि खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. बाई कपड्यांचा ढीग घेऊन आल्या.

"काय बघताय?"

"काही नाही. हवा."

मंगळवारी सकाळी पुढच्या खोलीतून हाक आली, "अहो, इकडे या जरा!"

पडदा काळाकुट्ट. डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, चालू करता येईल असं काहीही सापडलं नाही. तळं नाही, गांडुळं नाहीत, काही नाही. बाईंनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तीच ओळ.

भाऊंच्या मनात पहिली उठली ती उकळी, आनंदाची. पडला ना तोंडावर तुझा काचवाला! आणि लागलीच मागून दुसरी आली, ती थंडगार होती. काल शेवटचा हात कुणाचा लागला होता याला?

"तरी मी म्हणत होतो," भाऊ म्हणाले.

"काय म्हणत होता? तुम्ही काहीच म्हणत नव्हता."

"नाही, म्हणजे असल्या घाईच्या कामात असंच होतं. ठेवून जा, बघ…"

वाक्य पुरं व्हायच्या आत लॅपटॉप पिशवीत गेला होता आणि पिशवी बाईंच्या खांद्यावर. स्वतःच्या बायकोला आपण 'ठेवून जा' म्हणालो, हे भाऊंना चार पायऱ्या उतरल्यावर कळलं.

खुर्चीत बसून त्यांनी समोरचा खेळ पाहिला. काचवाल्याने लॅपटॉप घेतला, ताईत बांधला, बटण दाबलं आणि पडदा बाईंकडे वळवला. तळ्याचा निळा उजेड काचेतून इथपर्यंत दिसला. बाई हसल्या. काचवाला खांदे उडवून काहीतरी बोलला, त्यावर आणखी हसल्या. भाऊंबरोबर इतकं हसायला त्यांना गेल्या वर्षात काही कारण पडलं नव्हतं.

"काय म्हणाला?" वर आल्यावर भाऊंनी विचारलं.

"म्हणाला, चालतोय की. नीट बंद करून न्या, झाकण नुसतं मिटू नका."

खिडकीशी बसून बाईंनी बटण दाबलं. काळा पडदा, पांढरी ओळ.

समोर चालतो आणि घरी चालत नाही. माहेरी गेल्यावर ठणठणीत आणि सासरी आली की डोकं दुखतं, अशी भाऊंची एक चुलतबहीण होती, तिची त्यांना आठवण झाली. पण हसू आलं नाही. जे समोर चालतं आणि घरी चालत नाही, ते नुसतं मशीनच असतं कशावरून, असा एक किडा डोक्यात शिरला आणि रात्रभर वळवळत राहिला.

बुधवारी बाईंनी सरळ मार्ग काढला. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत प्रबंध विद्यापीठात पोचायचा होता, नाहीतर त्या मुलीचं अख्खं वर्ष फुकट. लॅपटॉप जिथे चालतो तिथे बसून काम करायचं. काचवाल्याने पांढऱ्या टेबलाचा एक कोपरा रिकामा करून दिला, वर गादीची खुर्चीही दिली. आणि बाई साऱ्या गल्लीदेखत, त्या पांढऱ्या दिव्यांखाली, दुकानात मांडलेल्या वस्तूसारख्या काचेमागे बसून तीन तास टाइप करत राहिल्या.

"भाऊ," शिंप्याने अखेर तोंड उघडलं, "बाईंनी समोर नोकरी धरली का?"

"तात्पुरतं आहे."

"तसं तुमच्या फळीवरचंही सगळं तात्पुरतंच आहे."

भाऊंनी काउंटर पुसला. पुन्हा पुसला. ते फडकं पिळत होते तेवढ्यात काचवाला रस्ता ओलांडून खुद्द त्यांच्या दुकानात आला. काउंटरपाशी उभा राहून आवाज खाली आणत म्हणाला, "काका, राग मानू नका, एक विचारू?"

"विचार की."

"लॅपटॉप माझ्याकडे दहादा चालू केला, दहादा चालला. डिस्क तपासली, उत्तम आहे. घरी नेला की जातो. म्हणजे घरी एकतर लायटीत काहीतरी आहे, नाहीतर… कुणी उघडून काही करतं का हो त्याला?"

"घरात आम्ही दोघंच आहोत."

"हो, वहिनीही तेच म्हणाल्या," काचवाला म्हणाला. वाईट हेतूने म्हणाला नाही. म्हणूनच ते जास्त झोंबलं.

भाऊंनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. काचेमागे बाईंचं टायपिंग थांबलं होतं. त्या इकडेच बघत होत्या. तीच नजर, दारातून स्वल्पविराम दिसणारी.

गुरुवारी सकाळी बाईंनी बटण दाबलं, काळा पडदा पाहिला आणि खुर्ची भाऊंकडे वळवली. गुरुवारी काचवाल्याचं दुकान बंद असे. संदर्भग्रंथांची चाळीस पानं राहिली होती.

"एक विचारते. खरं सांगा. तुम्ही काही करताय का याला?"

"मी? मी कशाला करू?"

"मी तिकडे गेले म्हणून."

"वेड लागलंय का? मी एकोणीस वर्षं मशिनं दुरुस्त करतोय!"

"एकोणीस वर्षं मशिनं ठेवून घेताय," बाई शांतपणे म्हणाल्या. "एकतीस नंबर आठवतो?"

"कुठला?"

"माझा प्रिंटर. अडीच वर्षं झाली. मीही चिठ्ठी घेतली होती तुमच्याकडून, गिऱ्हाइकासारखी."

भाऊंना आठवला. त्या प्रिंटरला काय झालंय हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. एक रबरी चाक झिजलं होतं, बस.

"मला एक तास दे," ते म्हणाले. "इथेच बसतो. तुझ्यासमोर."

बाईंनी विचार केला. मग टेबलावरचा कागदाचा एक तुकडा फाडला, त्याला दोरा ओवला आणि तो लॅपटॉपच्या बिजागरीला बांधला. त्यावर लिहिलं होतं, 'नंबर एक. आज.' "खाली न्यायचा नाही. फळीवर चढवायचा नाही. आणि मी इथून हलणार नाही."

भाऊ बसले. आधी वीज पाहिली. विजेचं काही नव्हतं, तशी शंका घेणंही आपल्या घराचा अपमान होता. मग तळाचं झाकण काढलं, बॅटरी सोडवून परत बसवली, रॅमची पट्टी काढून पुसून लावली. डिस्क काढून सवयीने कानाशी धरली. ही नव्या जातीची, तिच्यात फिरणारं काहीच नव्हतं. तरी धरली. मग मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरून पाहिलं, डिस्क दिसत होती. स्वतःच्या पेनड्राइव्हवरून मशीन उठवून डिस्कवर डोकावले, नवी सिस्टीम जागच्या जागी, बाईंच्या फाइली जागच्या जागी, गांडुळं सुखरूप. सगळं आहे. तरी मशीन म्हणतं, काही सापडत नाही.

"म्हणजे घरात सगळं आहे आणि याला दार सापडत नाही," भाऊ पुटपुटले.

"काय?"

"चालू होताना मशीन सगळ्यात आधी एक छोटी चिठ्ठी वाचतं. सिस्टीम कुठे ठेवलीय, कुठून उठायचं, एवढंच तिच्यात असतं. ती चिठ्ठी या डिस्कवर नाहीये."

"मग त्याच्याकडे कसा उठतो?"

भाऊंनी मान वर केली. खिडकीतून समोरचं बंद दुकान दिसत होतं, काचेवर शटर ओढलेलं. पण त्यांना आत बघायची गरज नव्हती. सहा महिने पोट जाळत पाहिलेला तो माणूस डोळे मिटले तरी दिसत होता. हात गळ्याकडे जातो. निळी दोरी डोक्यावरून निघते. आधी पेनड्राइव्ह, मग बटण. आधी पेनड्राइव्ह, मग बटण.

"ताईत!" भाऊ ओरडले.

"कसला ताईत?"

"अगं, चिठ्ठी त्याच्या गळ्यात आहे! नवी सिस्टीम टाकताना तो लाल पेनड्राइव्ह याला लावलेला होता. याने त्यालाच पहिली डिस्क समजून चिठ्ठी तिथे लिहून ठेवली. सिस्टीम इथे आणि तिचा पत्ता तिथे. तो प्रत्येक मशीनला आधी पेनड्राइव्ह लावतो, मग चालू करतो. म्हणून त्याच्याकडे उठतो. एकदा उठला की चिठ्ठीचं काम संपलं, पेनड्राइव्ह काढला तरी चालतो. घरी पेनड्राइव्ह नाही, चिठ्ठी नाही, अंधार!"

भाऊंचा चेहरा फुलला होता; सवयीप्रमाणे हे मशीन त्यांच्यापुरतं दुरुस्त झालं होतं. समोरच्याची चूक सापडली होती आणि तीही अशी ढळढळीत. ते मनातल्या मनात शिंप्याला ती दोनदा सांगूनही मोकळे झाले.

बाई मात्र फुलल्या नव्हत्या. त्या हनुवटीवर बोट ठेवून बसल्या होत्या, एखादं वाक्य खटकल्यावर बसत तशा.

"मग सोमवारी संध्याकाळी घरी कसा चालला?"

"अं?"

"सोमवारी मी आणला, इथे उघडला, अर्धा तास काम केलं. तेव्हा कुठे होता पेनड्राइव्ह?"

"तेव्हा तो झोपलेला होता. तू झाकण मिटून आणलास. नुसत्या झोपेतून उठायला चिठ्ठी लागत नाही. पूर्ण बंद करून चालू करताना लागते."

"पण मी पूर्ण बंद केलाच नव्हता. सोमवारी मी नुसतं झाकण मिटून कपडे काढायला गेले, नंतर उघडलाच नाही. मंगळवारी सकाळी पडदा काळा." बाईंनी बोट हनुवटीवरून काढलं. "मग बंद कुणी केला?"

खालून शिंप्याच्या मशीनची खडखड ऐकू येत होती. भाऊंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. 'कधी कधी होतं असं.' एकोणीस वर्षांत हे वाक्य गिऱ्हाइकांपुढे कधी फसलं नव्हतं. बॅटरी संपली असेल, हेही होतं. पण बॅटरी भरलेली होती हे त्यांच्याइतकंच बाईंनाही माहीत होतं. आणि कधी कधी होतं म्हणावं, तर आत्ता सांगितलेलं सगळंच लंगडं पडत होतं. त्यांनी जे ओळखलं होतं ते खरं असायचं, तर सोमवारी संध्याकाळी कुणीतरी तो लॅपटॉप बंद केलेला असणं भाग होतं. घरात दोघंच होती.

"मी," भाऊ म्हणाले.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"तू गच्चीवर होतीस. मला बघायचं होतं किती सेकंदांत चालू होतो. म्हणून आधी बंद केला. तेवढ्यात तू आलीस."

"सेकंद कशाला मोजायचे होते?"

भाऊंनी स्क्रू-ड्रायव्हर उलटसुलट केला. "जास्त लागले असते तर तुला सांगितलं असतं."

"आणि कमी लागले असते तर?"

"तर नसतं सांगितलं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने पाहत असत्या तर भाऊंना सोपं गेलं असतं, रागाची तयारी होती.

"आठ महिने मागे लागले होते," त्या म्हणाल्या. "तेवढ्या दिवसांत माझ्या मशीनला हात लावलात तो एकदाच. आणि तोही चोरून."

भाऊंनी त्यांना येत होतं ते केलं. आपला पेनड्राइव्ह लावला, मशीन उठवलं आणि हरवलेली चिठ्ठी नव्याने लिहायला सांगितली, या वेळी डोळ्यांत तेल घालून, लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर. दोन मिनिटांचं काम. मग पेनड्राइव्ह उपटला, लॅपटॉप पूर्ण बंद केला आणि बाईंच्या बाजूला सरकवला.

"तू दाब."

बाईंनी बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.  मग कोपऱ्यात एक ठिपका गोल फिरायला लागला आणि निळंशार तळं उघडलं.

"अकरा सेकंद," भाऊ म्हणाले. त्यांनी मोजलेच होते.

"बरे आहेत," बाई म्हणाल्या आणि संदर्भग्रंथांचं पहिलं पान उघडलं. मग पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "पुन्हा एकदा बंद करून दाखवा. मला खात्री हवी." भाऊंनी तीनदा दाखवलं. तिन्ही वेळा तळं आलं. चौथ्यांदा ते आपणहून दाखवणार होते, पण बाई म्हणाल्या, "आता कामाला लागू दे." भाऊंनी खुर्ची मागे घेतली तरी ते खाली गेले नाहीत. तिथेच बसून राहिले. गांडुळांची यादी कळफलकावर पुढे सरकत होती आणि भाऊ ती ऐकत होते.

शुक्रवारी अकराला प्रबंध गेला. सव्वाअकराला बाई म्हणाल्या, "आता समोर जाऊन सांगून या."

"काय सांगून?"

"त्याचा पेनड्राइव्ह. आणखी किती जणांची मशिनं घरी जाऊन मेली असतील? त्या बिचाऱ्याला वाटत असेल लायटीचा दोष."

"त्याचं त्याला कळेल की. चार वाजेपर्यंत."

"अहो."

भाऊ उठले. रस्ता पंधरा पावलांचा होता, त्यांनी तो जमेल तितका सावकाश ओलांडला. काचेचं दार त्यांनी आजवर कधी ढकललं नव्हतं. आता ढकललं, तर ते ओढायचं होतं. आत चांगलंच गार होतं. आपलं दुकान इथून कसं दिसतं हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं, अंधारी चौकट, फळीवर लोंबणाऱ्या चिठ्ठ्या आणि पुढे एक रिकामी खुर्ची, तोंड इकडे करून ठेवलेली.

सगळं ऐकल्यावर काचवाल्याने गळ्यातला पेनड्राइव्ह काढून तळहातावर धरला, जणू त्याला चावला होता.

"अरे देवा! म्हणून! काका, या आठवड्यात तीन मशिनं परत आली. तिन्ही माझ्याकडे चालली. मी त्यांना म्हटलं, घरची लाईट तपासा." त्याने कपाळावर हात मारला. "तुम्हाला कसं सुचलं पण? मी मशीनला काय लावतो हे तुम्हाला कसं माहीत?"

भाऊंनी काचेतून पलीकडच्या खुर्चीकडे पाहिलं.

"अनुभव," ते म्हणाले.

"वहिनींना सांगा हां, माझंच चुकलं. मी येतो माफी मागायला."

"काही गरज नाही यायची," भाऊ पटकन म्हणाले. "मी सांगतो."

परत येताना त्यांची पावलं जरा मोठी पडली. जिन्याच्या चौदा पायऱ्या चढून ते वर आले, तेव्हा बाई खिडकीशी बसून नवा प्रबंध उघडत होत्या, या वेळी पुलांवरचा.

"काय म्हणाला?"

"चूक कबूल केली. चांगला आहे तसा. म्हणाला…" भाऊ क्षणभर थांबले, "म्हणाला, काकूंना सांगा, माझंच चुकलं."

बाईंची बोटं कळफलकावर थबकली.

"काकू?"

"असं म्हणाला बुवा."

"परवापर्यंत वहिनी होते की मी!"

"आता त्याच्या मनात काय आलं, मी कसं सांगू?" भाऊ म्हणाले. ते जिना उतरून दुकानात आले, धर्मशाळेवरून एकतीस नंबर खाली काढला आणि त्यावरची धूळ फुंकून टाकली. खुर्ची मात्र त्यांनी समोरच्याच दिशेला ठेवली.